हसाजी ते येहेझ्केल: बेने इस्रायल पणजोबांचं आयुष्य कागदांतून जुळवताना

बेने इस्रायल म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू. समजा, अशा घरातल्या पणजोबांचा जन्म पेणजवळच्या एका खेड्यात झाला, लग्न मुंबईत झालं आणि उतारवयात मुलाबाळांबरोबर जाऊन ते बीरशेबाच्या मातीत विसावले. अशा माणसाला कागदोपत्री निदान चार नावं असतात. गावच्या फेरफारात ते ‘हसाजी बिन अबाजी’. मुंबईच्या शाळेच्या रजिस्टरात ‘इझीकेल अब्राहम’. केतुब्यात, म्हणजे लग्नाच्या करारपत्रात, ‘येहेझ्केल बेन अव्राहाम’. आणि इस्रायली कागदांवरून पुढे कुणी इंग्रजीत उतरवलं की ‘येहेझ्केल फनकर’, कारण हिब्रूत स्वर लिहीत नाहीत आणि ‘प’ व ‘फ’ला अक्षर एकच. चारही कागद कपाटात असतात आणि घरचे त्यांना चार वेगळी माणसं समजून बसलेले असतात. बेने इस्रायल घराण्यातला पूर्वज शोधताना कागदच नाही ही अडचण जेवढी येते, त्याहून जास्त वेळा कागद असतो आणि त्यातला माणूस ओळखू येत नाही.

म्हणून या कामात आम्ही दोनच गोष्टी घट्ट धरतो: बापाचं नाव आणि मूळ गाव. आडनाव त्यानंतर.

आडनावावर एवढा अविश्वास का, ते आधी सांगायला हवं. कोकणातल्या खेड्यांत तेलाचा घाणा चालवणारी ही घरं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. गावात एवढी ओळख पुरेशी होती. ‘कर’ लावलेलं आडनाव कामाला आलं ते गाव सोडून मुंबईला गेल्यावर. किहीमचा तो किहीमकर, वाक्रुळचा वाक्रुळकर, अष्टमीचा अष्टमकर, झिराडचा झिराडकर, दिवेआगरचा दिवेकर. याचे परिणाम दोन. एकाच गावाहून आलेल्या, पण एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेल्या दोन घरांना एकच आडनाव पडू शकतं. उलट, एक भाऊ एका गावाहून आणि दुसरा दुसऱ्या गावाहून मुंबईला आला असेल, तर सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात. आडनाव सारखं म्हणून दोन घरं जोडू नयेत आणि वेगळं म्हणून तोडूही नयेत.

पुढे इंग्रजी शाळा आणि सरकारी नोकऱ्या आल्या तेव्हा पुष्कळांनी आडनाव मागे टाकलं आणि बापाचं नावच शेवटी लावलं. १९३७-३८ साली मुंबईचे महापौर असलेले डॉ. ई. मोझेस हे राजपूरकर घराण्यातले, पण मुंबईतल्या त्यांच्या नावाच्या रस्त्याच्या पाटीवर राजपूरकर हा शब्द नाही. या पद्धतीत ‘आडनाव’ दर पिढीला बदलतं: अब्राहमचा मुलगा इझीकेल अब्राहम, त्याचा मुलगा सॅम्युएल इझीकेल, त्याचा मुलगा पुन्हा अब्राहम सॅम्युएल. वंशावळीच्या संगणकीय नमुन्यात आडनावाचा रकाना सक्तीचा असेल तर ही तीन माणसं तीन कुटुंबांत जाऊन पडतात. आम्ही त्या रकान्यात सगळीकडे गावाचं आडनाव घालतो आणि कागदावरचं नाव शेजारी जसंच्या तसं उतरवतो.

पहिल्या नावांच्या जोड्या तेवढ्या पाठ असाव्यात. अबाजी म्हणजे अब्राहम, इसाजी म्हणजे आयझॅक, सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझीकेल, बुन्नाजी म्हणजे बेंजामिन, मुसाजी म्हणजे मोझेस. सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मुंबईचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझीकेल दिवेकर. मराठीत तेच सामाजी हसाजी दिवेकर. ही जोडी एकदा डोळ्यांखालून गेली की बाकीची कुलुपं भराभर उघडतात.

सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून करायची, आणि मराठीतून. इस्रायलमध्ये वाढलेली नातवंडं आजीला हिब्रूत प्रश्न विचारतात आणि आजी हिब्रूत दोन वाक्यांत उत्तर देऊन गप्प होते. तोच प्रश्न मराठीत विचारला की आळी, विहीर, शेजारी, सगळं बाहेर येतं. प्रश्न कोणते विचारायचे हेही महत्त्वाचं. ‘कोणत्या साली?’ याचं उत्तर बहुधा चुकतं. ‘कोणत्या सणाच्या आसपास?’ याचं उत्तर बहुधा बरोबर येतं, कारण बाळंतपण, लग्न, मरण या गोष्टी घरात सणाला टेकवून लक्षात ठेवलेल्या असतात.

या सणांची जुनी मराठी नावं आताच्या मुलांना ठाऊक नसतात आणि तिथेच दुवा तुटतो. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, नव्याच्या सणानंतर नवव्या दिवशी. होळीचा सण म्हटलं की आजी शेजाऱ्यांच्या होळीबद्दल बोलत असेल असं नाही. पुरीमलाच हे नाव होतं आणि तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. अनाशी ढाकाचा सण म्हणजे पेसाह, मार्च-एप्रिलचा. बिरड्याचा सण म्हणजे आव महिन्याची नवमी, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास. त्याला वालाचं बिरडं होत असे, आणि तो ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये येतो. ‘बिरड्याच्या दुसऱ्या दिवशी गेला, नदीला पूर होता म्हणून दफनाला उशीर झाला’ असं एक वाक्य मिळालं, तर मृत्यूचा महिना मिळाला आणि हवामानाची साक्षही मिळाली. असं वाक्य बोलल्याबरोबर शब्दशः टिपावं. त्याचं लगेच तारखेत रूपांतर करू नये, ते काम नंतरचं.

एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावानं होणाऱ्या मलिद्याबद्दल अवश्य विचारावं. पोहे, खोबरं, साखर, फळं यांचं ताट कशासाठी मांडलं होतं? आजारातून उठल्यावर, घर बांधल्यावर, परदेशी निघताना? नवस आणि त्याची फेड यांतून आयुष्यातले कठीण प्रसंग कळतात, आणि ते कुठल्याच सरकारी बुकात नसतात.

आता मोठ्या कुटुंबाची गोष्ट. आठ-दहा भावंडं असलेल्या घरात एकट्या पणजोबांचा शोध घेत बसणं ही सर्वांत मोठी चूक. त्यांच्या स्वतःच्या नावाचे कागद मोजके असतात, कधी तीन, कधी चार. पण त्यांच्या आईवडिलांचं गाव धाकट्या भावाच्या नोकरीच्या पुस्तकात असतं, घराचा पत्ता बहिणीच्या लग्नाच्या नोंदीत असतो, वडिलांच्या मृत्यूचं साल थोरल्याच्या वारसनोंदीत असतं. म्हणून प्रत्येक भावंडाला एक स्वतंत्र पान द्यायचं, तान्हेपणी गेलेल्यांनाही. पानावर पाच गोष्टी: कागदावरचं नाव जसंच्या तसं, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, आणि ही माहिती कुठून मिळाली ते. दोन मुलांच्या जन्मात चार-पाच वर्षांचं अंतर दिसलं तर मधलं एक मूल दगावलं का, हे विचारायचं. वडिलांची दोन लग्नं झाली असतील तर मुलं कोणत्या आईची ते वेगळं नोंदायचं, नाहीतर पंचावन्नाव्या वर्षी बाळंत झालेली पणजी कागदावर तयार होते.

मोठ्या कुटुंबातला दुसरा सापळा म्हणजे आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत. अबाजींना पाच मुलगे असतील तर एकाच आळीत पाच लहान अबाजी खेळत असतात. ‘अबाजी पेणकर’ एवढ्यावर कुणालाच ओळखता येत नाही. ‘अबाजी हसाजी’ आणि ‘अबाजी इसाजी’ यांतलं मधलं नाव हाच फरक. त्या मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर उतरवून घेणारी माणसं पुढच्यांचं फार नुकसान करतात.

गावच्या कागदांकडे वळण्याआधी ते गाव त्या काळी कोणाच्या अमलाखाली होतं हे ठरवायला हवं. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. अलिबागचा मुलूख १८४० पर्यंत आंग्र्यांकडे होता. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर हा भाग जंजिरा संस्थानात, तो १९४८ पर्यंत. त्यामुळे दिवेकरांचा जुना कागद कुलाब्याच्या दप्तरात शोधून निराश व्हायचं कारण नाही, तो तिथे नसणारच. आंग्रेकालीन कागद मोडीत आणि शुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीत चालणाऱ्या कालगणनेत, असतात. त्या सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद नसतो, आणि विटलेल्या पानावर हसाजी, इसाजी, मुसाजी ही तीन नावं एकमेकांत मिसळतात. मोडी वाचणाऱ्याला मूळ पान किंवा स्वच्छ फोटो द्यावा. ‘आमचे पणजोबा हसाजी, ते आहेत का बघा’ असं आधी सांगू नये. सांगितलं की त्यालाही हसाजीच दिसू लागतो.

इंग्रजी अमलातला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. ही जुनी बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्जात गाव, तालुका आणि वर्षांचा पट्टा लिहायचा. एकच साल लिहिलं तर तेवढंच बुक बघून ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर येतं, म्हणून अंदाजाच्या अलीकडे-पलीकडे पाच-पाच वर्षं मागावीत. या बुकात मुलाचं नाव बहुधा नसतं हे माहीत नसल्यानं लोक पान उलटून पुढे जातात. नोंद ‘अमुक बिन तमुक यांस मुलगा’ एवढीच असते, कारण नाव नंतर ठेवलं जातं. म्हणजे शोधायचा तो बाप. जातीच्या रकान्यात ‘इस्रायल’, ‘बनी इस्रायल’, ‘बेनेस्राईल’, ‘यहुदी’, ‘शनवार तेली’ यांतलं काहीही येऊ शकतं, आणि नुसतं ‘तेली’ही. नुसतं ‘तेली’ असेल तर हिंदू तेल्याशी गल्लत होऊ नये म्हणून नाव तपासायचं. अबाजी हे नाव दोन्हीकडे चालतं, हसाजी किंवा बुन्नाजी सहसा नाही.

जमीन किंवा घर असेल तर फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांची नोंदवही, ६-क, काढावी. मोठ्या कुटुंबासाठी यासारखा कागद नाही. मयत खातेदार, विधवा, मुलगे, लग्न झालेल्या मुली, अज्ञान (अल्पवयीन) मुलांचे पालक, सगळे एका पानावर ओळीनं उभे असतात. मात्र फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. माणूस गेल्यावर कित्येक वर्षांनी वारस लागलेले असतात.

जुन्या कागदात ‘मशीद’ हा शब्द आला तर दचकू नये. बेने इस्रायल लोक आपल्या सिनेगॉगला मशीद म्हणत, आणि मुंबईतलं दिवेकरांचं सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखलं जाई. ‘मशिदीत लग्न लागले’ हे वाक्य वाचून धर्मांतराचा तर्क लढवणारे वंशज आम्ही पाहिले आहेत. सिनेगॉगच्या स्थापनेचं साल मात्र हाताशी ठेवावं. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९. पेणच्या सिनेगॉगमध्ये १८५५ साली लग्न लागल्याची आठवण कुणी सांगितली, तर एक तर साल चुकलंय किंवा जागा.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो कबरीच्या दगडाला. बेने इस्रायल कबरस्तानातल्या दगडावर बहुधा हिब्रू आणि मराठी असतं, पुढच्या काळातल्या दगडांवर इंग्रजीही. तिन्हींतला मजकूर एकमेकांचा अनुवाद आहे असं धरून चालू नये. हिब्रूत बापाचं नाव आणि हिब्रू तारीख असते. मराठीत गावचं आडनाव, हुद्दा, वय आणि कधी दगड कोणी बसवला ते असतं. इंग्रजीत इंग्रजी तारीख. एकाच दगडावर ‘हसाजी’ आणि ‘येहेझ्केल’ दोन्ही कोरलेले असतील तर नावांचा सगळा वाद तिथेच मिटतो.

दगड वाचायला सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावं. ऊन तिरपं पडलं की कोरीव अक्षरांना सावली येते. दुपारी तोच दगड कोरा दिसतो. सावली मिळत नसेल तर आरशानं किंवा पांढऱ्या पुठ्ठ्यानं बाजूनं उजेड टाकायचा. पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. खडू, पीठ, दाढीचा फेस फासू नये, तारेचा ब्रश तर मुळीच नको. कोकणच्या पावसात भिजून मऊ झालेल्या दगडावरचा पापुद्रा अक्षरासकट निघून येतो आणि मग ते नाव कायमचं गेलं. प्रत्येक दगडाचे तीन फोटो घ्यावेत: पूर्ण दगड, मजकूर जवळून, आणि शेजारच्या दोन्ही कबरी दिसतील असा एक. शेजारची कबर बहुतेक वेळा नात्यातली असते.

हिब्रू साल अंकांत नाही, अक्षरांत लिहितात. ताव ४००, रेश २००, मेम ४०, खेत ८. ही चार अक्षरं एकत्र आली की ६४८. हजाराचा आकडा गाळलेला असतो, म्हणजे साल ५६४८. ६४८ मध्ये १२४० मिळवले की १८८८ येतं, पण हिब्रू वर्ष तिश्रीत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. म्हणून ५६४८ हे १८८७ च्या सप्टेंबरपासून १८८८ च्या सप्टेंबरपर्यंत पसरलेलं आहे. महिना किस्लेव असेल तर १८८७ चा नोव्हेंबर-डिसेंबर, सीवान असेल तर १८८८ चा मे-जून. महिना वाचता आला नाही तर ‘१८८७-८८’ असंच लिहावं. नुसतं १८८८ लिहिलं की ते पुढे पक्कं होऊन बसतं.

झिजलेल्या दगडावर हे आकडे कसे फसवतात ते बघा. खेत (८), हे (५) आणि ताव (४००) यांचा सांगाडा सारखाच: वर आडवी रेघ, खाली दोन पाय. फरक फक्त डाव्या पायाच्या फटीत आणि टोकात. दालेत (४) आणि रेश (२००) यांत एक कोपरा तेवढा वेगळा. बेत (२) आणि काफ (२०) तसेच. म्हणजे ६४८ चं ६४५ होणं अगदी सोपं. तारखेतही एक खोच आहे: १५ आणि १६ हे आकडे दहा अधिक पाच, दहा अधिक सहा असे लिहीत नाहीत, कारण त्यांत देवाच्या नावाची अक्षरं येतात. ते नऊ अधिक सहा, नऊ अधिक सात असे लिहितात.

एक तपासणी आपल्याकडच्या माणसाला फार सोपी आहे आणि ती आम्ही दर वेळी करतो. हिब्रू महिना आणि आपला महिना दोन्ही अमावास्येनंतर सुरू होतात. त्यामुळे हिब्रू १४-१५ तारखेला आकाशात पौर्णिमेचा चंद्र असतोच. दगडावर हिब्रूत १५ आणि मराठीत शुद्ध अष्टमी दिसली, तर दोहोंपैकी एक चुकीचं वाचलंय. महिन्यांची नावं मात्र नेहमी जुळतील असं नाही, कारण आपला अधिक महिना वेगवेगळ्या जागी येतो आणि त्यांचा जास्तीचा महिना अदारच असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. मराठी मजकुरात शके असेल तर ७८ मिळवावेत, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९.

हिब्रू आणि इंग्रजी तारखेत एका दिवसाचा फरक निघाला तर त्याला चूक म्हणू नये. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो. रात्री आठला गेलेल्या माणसाची महापालिकेच्या नोंदीत त्या दिवसाची तारीख पडते, दगडावर दुसऱ्या दिवसाची. या फरकातूनच मृत्यू दिवेलागणीनंतर झाला हे कळतं.

केतुब्यात हीच तारीख सविस्तर असते, हजारासकट, शिवाय वार आणि जागा. आठवड्याचा वार हा सर्वांत चांगला पहारेकरी. तारीख आणि वार जुळले नाहीत तर वाचन पुन्हा करायचं. वधूचं नाव ‘अमुक बत तमुक’ असं, म्हणजे तिच्या बापाच्या नावासह असतं. घरात सगळे तिला साकूबाई म्हणून ओळखत असतील आणि केतुब्यात ती सारा किंवा रिव्का असेल. केतुबा बायकोच्या हक्काचा कागद, म्हणून तो शोधायचा मुलींच्या आणि नातींच्या पेटीत. मुलांनी तो कित्येकदा पाहिलेलाही नसतो. बायकांच्या नोंदी मुळातच इतक्या तोकड्या आहेत की पणजीचं माहेर सांगणारा एवढा एक कागद हाती लागला तर तो आम्ही इतर दहांहून मोलाचा मानतो. मुलग्यांच्या बाबतीत सुंतेची तारीख कुठे टिपलेली मिळाली तर त्यातून सात दिवस वजा केले की जन्मतारीख येते. मूल अशक्त असेल तर सुंता पुढे ढकलली जाते, हे ध्यानात ठेवून. मुलींसाठी अशी सोय नाही.

फौजेत असलेल्या पूर्वजांच्या बाबतीत आशा बेतानं ठेवावी. एकोणिसाव्या शतकात मुंबई फौजेच्या पलटणींत बेने इस्रायल पुष्कळ होते आणि त्यांतले अनेक सुभेदार, सुभेदार-मेजर झाले. अधिकाऱ्यांची नावं छापील आर्मी लिस्टमध्ये पलटणवार मिळतात, पण साध्या शिपायाचं नाव त्यात नसतं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातली जन्म-लग्न-मृत्यूची बुकं मुख्यतः ख्रिस्ती लोकांची. तिथे तासन् तास घालवू नयेत. घरात पदक असेल तर त्याची कड बघावी. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि पलटण कळली की ती कोणत्या साली कुठे होती हे शोधता येतं. एडन, कराची, पुणे, अहमदनगर अशा ठिकाणी मुलं का जन्मली याचा उलगडा तिथे होतो. रेल्वेतल्या आणि टपालातल्या माणसांसाठी सेवापुस्तक. त्यातली जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून घेतलेली आणि शाळेतली मास्तरांनी अंदाजानं घातलेली असते. १ जून ही जन्मतारीख दिसली की ती शाळा सुरू होण्याची तारीख समजावी.

इस्रायलला गेल्यावरच्या कागदांत मुख्य तो तेऊदात ओले, स्थलांतरिताचं पुस्तक. त्यात येण्याची तारीख आणि बरोबरच्या माणसांची नावं असतात. कुटुंब एकदम आलं नसेल तर प्रत्येक मुलाचं पुस्तक वेगळं आणि प्रत्येकात आडनाव वेगळ्या स्पेलिंगचं. हिब्रूत आपल्या अक्षरांचं काय होतं हे कळलं की हे कोडं राहत नाही. ‘ठ’, ‘थ’, ‘त’, ‘ट’ सगळे एका-दोन अक्षरांत कोंबले जातात. ‘व’ कधी वाव तर कधी बेत, त्यामुळे दिवेकरचा दिबेकर. ‘च’ आणि ‘झ’ लिहायला अक्षरापुढे एक टिंबासारखी खूण लागते. ती गळली की चेऊलकर ‘त्सेऊलकर’ होतो आणि झिराडकर ‘गिराडकर’. अभिलेखागारात शोध घेताना ही सगळी रूपं आधीच एका कागदावर लिहून न्यावीत आणि एकेक करून शोधावीत. एका स्पेलिंगवर ‘नाही’ म्हटलं म्हणून परत फिरू नये. म्हाताऱ्या माणसांच्या ओळखपत्रावर जन्माचं फक्त साल असेल आणि दिवस-महिन्याच्या जागी शून्यं असतील, तर ते सालही सांगोवांगीचं समजावं.

एका काळाकडे विशेष लक्ष द्यावं. १९६२ च्या फेब्रुवारीत इस्रायलच्या मुख्य रब्बिनेटनं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेनं, विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढली, की बेने इस्रायल वधूवरांच्या आईच्या, आजीच्या आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. समाजाला हा अपमान सहन झाला नाही. निदर्शनं झाली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, बेने इस्रायल हे सर्वार्थानं ज्यू आहेत असं जाहीर केलं. ज्या घरात त्या दोन-अडीच वर्षांत लग्न ठरलं होतं, तिथली पत्रं जपून चाळावीत. एरवी कुणीही आईच्या आईचं नाव-गाव कागदावर उतरवत नाही, त्या दिवसांत ते उतरवणं भाग पडलं. ही पत्रं घरच्यांना दाखवायला संकोच वाटतो, आणि तो रास्त आहे. घाई करू नये. प्रत काढू दिली नाही तर फक्त नावं लिहून घ्यावीत. गोरे इस्रायल (दोन्हीकडून बेने इस्रायल) आणि काळे इस्रायल (आई समाजाबाहेरची असलेल्यांचे वंशज) या जुन्या भेदाचे उल्लेख त्यांत आले तर ते खोडू नयेत आणि चारचौघांत वाचूही नयेत. कोणाच्या घरात सोयरीक का झाली नाही, याचं कारण कधीकधी तेवढंच असतं.

सगळं जुळवताना एक मोह आवरावा लागतो. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, तेच समाजाचे मूळ पूर्वज, ही परंपरा प्रत्येक घरात सांगतात, आणि आपला वंश त्या सातांपर्यंत नेऊन भिडवावा असं वाटतं. कागद साधारणपणे अठराव्या शतकाच्या अलीकडेच साथ देतात. ती परंपरा वंशावळीच्या वर, स्वतंत्र पानावर, आपल्या आजीच्या शब्दांत लिहावी. मधल्या पिढ्यांची रेघ मात्र ओढू नये.

दोन कागदांतला माणूस एकच आहे असं कधी म्हणायचं? नाव सोडून तीन गोष्टी जुळल्या तर: बाप, गाव, आणि बायकोचं नाव किंवा भावाचं नाव किंवा धंदा यांपैकी एक. दोनच जुळल्या तर पेन्सिलनं लिहायचं. वयात पाच वर्षांचा फरक चालतो, दहाचा नाही. दहाचा फरक आला तर बहुतेक वेळा तो माणूस त्याच नावाचा चुलतभाऊ निघतो.

मग वर्षवार एक लांब पान तयार करावं. डावीकडे साल, मध्ये घटना, उजवीकडे कागद. जिथे कागद नाही तिथली ओळ मोकळी ठेवावी, भरू नये. त्या मोकळ्या ओळी घेऊन पुन्हा घरातल्या थोरांकडे जायचं. ‘मुंबईहून गावाला परत का आले असतील?’ असं नेमकं विचारलं की ‘अगं, प्लेगात’ असं उत्तर येतं, आणि सात वर्षांची मोकळी जागा एका शब्दात भरते. पानाची एक प्रत मराठीत आणि एक हिब्रूत करावी, नावं दोन्हींत चारही रूपांत द्यावीत. हयात माणसांचे ओळख क्रमांक आणि जन्मतारखा त्यात घालू नयेत. दगडांचे फोटो कबरस्तान सांभाळणाऱ्यांना रांगेच्या क्रमानं नेऊन द्यावेत, नातं नसलेल्या शेजारच्या कबरींचेसुद्धा.